पाईक त्या शिखरावर पोचलाच नव्हता

‘लेफ्टनंट झेब्युलन पाईकने शिखर सर केले, म्हणून त्याचे नाव पाईक्स पीक’ हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधील या शिखरावरच्या लेखातले विधान चुकीचे आहे. नोव्हेंबर १८०६ मध्ये अमेरिकी लष्करातला हा अधिकारी चढायला निघाला खरा, पण कमरेएवढे बर्फ आणि अंगावर सुती कपडे; शेजारच्या डोंगरावरूनच परतला. वर पोचला तो वनस्पतिशास्त्रज्ञ एडविन जेम्स, १८२० मध्ये. आम्ही ऐन जुलैत रेल्वेने वर गेलो, तरी स्वेटर घालून कुडकुडत होतो.

पाईकच्या शिपायांबद्दल लेखात अवाक्षर नाही, याचे जास्त वाईट वाटले. १८०७ च्या जानेवारीत हिमदंशाने पाय निकामी झालेल्या सोबत्यांना मागे ठेवून तो पुढे गेला. त्यांनी स्वतःच्या पायाच्या बोटांची हाडे त्याला पाठवली, आम्हाला इथे सोडू नका म्हणून.