‘बंदूक ही काय भेट द्यायची वस्तू आहे?’ या प्रतिक्रियेला माझं उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री लोकलमध्ये वाचली, बोरिवली येईपर्यंत तीनदा वाचली. घरी येऊन चार ओळींचं उत्तर टाइप पण केलं होतं आणि मग डिलीट केलं, कारण तुमचा एक मुद्दा इतका बरोबर आहे की त्याला चार ओळीत उत्तर देणं म्हणजे पळवाट झाली असती. म्हणून आज नीट वेळ काढून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दसऱ्याला मी आजोबांच्या एकनळी बारा बोअर बंदुकीवर लिहिलं होतं, बाबांनी सत्तरी झाल्यावर ती माझ्या नावावर कशी केली ते. त्यातच विस्कॉन्सिनला राहणाऱ्या माझ्या आतेभावाच्या मुलाला त्याच्या आईच्या वडिलांनी सोळाव्या वाढदिवसाला हरणाच्या शिकारीची स्वतःची जुनी रायफल दिली, त्याबद्दल पण होतं. सोबत एक फोटो, आजोबा खुर्चीवर, मांडीवर बंदूक, पुढ्यात रानडुक्कर. त्यावर तुम्ही लिहिलंत की बंदूक ही काय भेट द्यायची वस्तू आहे, अमेरिकेत पोरं शाळेत गोळ्या खाऊन मरतायत आणि तुमच्यासारखी शिकलेली बाई मुंबईत बसून त्याचं कौतुक करते. शिकार गुन्हा आहे, त्याला परंपरा म्हणू नका. हातात बंदूक घेतलेलं पोर जंगलावर प्रेम करूच शकत नाही. आणि शेवटी, तुमच्या आजोबांचा फोटो भिंतीवर लागतो, तीच शिकार करणाऱ्या पारध्याला पोलीस उचलतात, त्यावर कधी लिहिणार? आधी तो फोटो काढून टाका.

आधी भेटीचं. ‘भेट’ हा शब्द मी वापरला ती माझी चूक, आणि नुसती शब्दाची चूक नाही. आपल्याकडे बंदूक भेट म्हणून हातात ठेवता येतच नाही. एकवीस पूर्ण झाल्याशिवाय परवाना नाही. परवाना असलेल्या माणसाला सुद्धा बंदूक दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची तर आधी पोलिसांना लेखी कळवायचं आणि पंचेचाळीस दिवस थांबायचं. माझ्या बाबतीत वारसाचा नियम लागला, २०१६ च्या नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने पंचवीस वर्षं बंदूक बाळगली की तो आपल्या वारसाचं नाव देऊ शकतो. मग अर्ज, भावाची आणि आईची हरकत नाही म्हणून सही, पोलीस चौकशी, शेजाऱ्यांना विचारपूस, पोलीस आयुक्तालयात फेऱ्या. शेजारच्या काकूंना वाटलं आमच्याकडे काही भानगड झाली. आणि एवढं करून सुद्धा निवडणूक आली की नोटीस येते आणि बंदूक जमा. २०२४ मध्ये लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा, दोनदा मी ती कापडी कव्हरमध्ये घालून रिक्षाने पोलीस स्टेशनला नेली, पावती घेतली, निवडणूक आटोपल्यावर परत आणली. लेक दोन्ही वेळा बरोबर होती. मला तरी हे सगळं जाचक वाटलं नाही. जी वस्तू दर थोड्या वर्षांनी सरकारला दाखवून परत मागून घ्यावी लागते ती आपली आहे असं डोक्यात जात नाही, आणि बंदुकीबद्दल तसंच वाटलेलं बरं.

अमेरिकेबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मी नाकारत नाही. २०२० पासून तिथे एक ते एकोणीस वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक आहे, गाड्यांच्या अपघातांपेक्षा मोठं. हे मला माहीत होतं आणि मी लिहिताना टाळलं, कारण त्या घरातला तो दिवस मला आवडला होता आणि त्याला डाग लावायचा नव्हता. टाळायला नको होतं. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा कोर्स केल्याशिवाय नेहमीचं लायसन्स मिळत नाही, नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आसपास नऊ दिवसांचा सीझन असतो, अंगावर भडक केशरी नाहीतर गुलाबी जाकीट लागतं, हे सगळं चांगलंच. पण त्याच राज्याने २०१७ मध्ये मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली शिकार करायला वयाची अटच काढून टाकली, आणि ते मला साफ चुकीचं वाटतं.

मग मला तिथे आवडलं काय होतं? त्या आजोबांनी रायफल दिली, नातवाने ती पाच मिनिटं हातात धरली, बोल्ट उघडून आत बोट घालून रिकामी आहे ना बघितलं, आणि आजोबांनी ती परत घेऊन आपल्या लोखंडी कपाटात ठेवली, चावी खिशात. म्हणाले, रायफल तुझी, चावी माझी. गोळ्या तर दुसऱ्याच खोलीत. मी नेमकं हेच लिहायला विसरले आणि केक, मेणबत्त्या, लाकडी दस्त्यावरची नक्षी लिहीत बसले. तुम्हाला ते कौतुक वाटलं यात तुमची काही चूक नाही.

आणि तिकडचं सगळं उचलून इकडे आणावं असं मी कधीच म्हणणार नाही. तिकडे १९३७ च्या कायद्याने शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर अकरा टक्के कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांना जातो, हरणं भरपूर आहेत, मोजून परवाने देतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेसुरले शिकारीचे परवानेही गेले. ते योग्यच झालं. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराला मारायचं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. आजकाल कोकणात जे चालतं, जीपवर सर्चलाइट लावून रात्री ससे आणि भेकरं मारायची, बागेच्या कडेने फासक्या लावायच्या आणि त्यात बिबट्या कंबरेत आवळून मरतो, त्याला कोणी ‘आमची परंपरा’ म्हणत असेल तर मी तुमच्या बाजूला उभी आहे.

आता वहीबद्दल सांगते, ती मी पोस्टमध्ये टाकली नव्हती.

बंदुकीबरोबर बाबांनी मला एक वही दिली. लाल कापडी बांधणीची लांबडी वही, पूर्वी वाणी उधारी लिहायचे तसली. काडतुसांचा हिशोब द्यावा लागायचा म्हणून आजोबांनी १९५४ पासून प्रत्येक बार लिहून ठेवलाय. तारीख, जागा, काडतूस, काय झालं. ‘एल.जी. १. लागलं.’ ‘एल.जी. १. चुकलं.’ एल.जी. म्हणजे मोठ्या जनावरासाठीचं जाड छर्‍यांचं काडतूस. आणि तिसरा प्रकार, ‘लागून गेलं.’ एक नोंद अशी आहे, ‘१७ जानेवारी १९६३. एल.जी. १. लागून गेलं. दोन दिवस शोधलं. ओढ्यापर्यंत रक्त. पुढे नाही.’

आमच्या घरात मे महिन्यात गावी गेलं की खळ्यात बसून शिकारीच्या गोष्टी व्हायच्या, मी लहानपणापासून ऐकत आले, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीत जनावर एका बारात पडतं. ‘लागून गेलं’ची एकही गोष्ट मला कोणी सांगितली नाही. वहीत अशा अडतीस नोंदी आहेत. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने खंडेनवमीला बसून मोजल्या, मी जमिनीवर पेपर पसरून गजाला चिंधी गुंडाळून नळी पुसत होते आणि ती वही वाचत होती. मोजून झाल्यावर मला म्हणाली, आई, लागून गेलं म्हणजे नंतर कुठेतरी मेलंच ना ते. मी हो म्हटलं. त्या दिवशी आम्ही झेंडूची फुलं वाहिली, नेहमीसारखी पूजा केली, पण ती संध्याकाळभर गप्प होती आणि मी तिला गप्प राहू दिलं.

१९७२ नंतरची पानं वेगळीच आहेत. ‘हवेत १.’ ‘हवेत १.’ भात पोटरीला आलं की रात्री डुकरं उतरायची, आजोबा मचाणावरून वर तोंड करून एक बार काढायचे, डुकरं पळायची. शेवटची नोंद १९८६ ची, ती पण हवेतलीच. चौदा वर्षं माणूस त्याच बंदुकीने कुणाला न मारता शेत राखत होता आणि न चुकता लिहीत होता. मी परंपरा म्हणते ती ही, अडतीस आणि हे ‘हवेत’ दोन्ही धरून. तुम्हाला ती परंपरा वाटणार नाही कदाचित, पण माझ्याकडे पिढीजात आलेली हीच आहे आणि लेकीला मी हीच देतेय. बंदूक तिला द्यायची की नाही ते पुढचं पुढे. ती एकवीसची झाल्यावर तिने नको म्हटलं तर मी रीतसर जमा करून येईन, मला वाईट वाटणार नाही.

हातात बंदूक घेतलेलं पोर जंगलावर प्रेम करूच शकत नाही, हे मात्र मला पटत नाही, आणि त्याचं उदाहरण आपल्या मुंबईचंच आहे. खेतवाडीत वाढलेल्या एका पोराने एअरगनने चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता म्हणून घरच्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं, तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला न हाकलता कपाटाचे खण उघडून एकेक पक्षी दाखवला. ते पोर म्हणजे पुढे पक्षीतज्ज्ञ झालेले सलीम अली. समजा त्या दिवशी कोणी नुसतंच ‘वा, काय नेम आहे’ म्हणून पाठ थोपटली असती तर? किंवा नुसतीच थोबाडीत मारली असती तर? माझ्या आजोबांचं मालवणीतलं एकच वाक्य मला पाठ आहे, ‘हाललां म्हणान बार काढूचो नाय, दिसलां तर काढूचो.’ झुडूप हललं म्हणून बार काढायचा नाही, काय आहे ते दिसल्याशिवाय नाही. दरवर्षी आपण पेपरात वाचतो ना, शिकारीला गेलेल्याने जनावर समजून सोबतच्यालाच मारलं. लेक आता एअर रायफल शिकतेय, कागदी टार्गेटवर, आणि तिला पहिल्या दिवशी मी हेच वाक्य सांगितलं.

आता तो मुद्दा, ज्याच्यासाठी मी काल चार ओळी डिलीट केल्या.

पारध्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मी तो फोटो परत नीट बघितला. आजोबांच्या मागे पाच माणसं उभी आहेत. हाकारे. कुणाच्या हातात पत्र्याचा डबा, कुणाच्या काठी, एकाच्या गळ्यात ढोल. सगळे अनवाणी, आजोबांच्या पायात बूट. फोटोच्या मागे आजोबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘मी व रानडुक्कर, १९५८’. पाच माणसांचा उल्लेख नाही. मी पण माझ्या पोस्टमध्ये केला नाही, मला ते दिसलेच नाहीत असं म्हटलं तरी चालेल. आणि खरी जोखीम त्यांची होती, रान उठवत जाळीत शिरायचं त्यांनी, डुक्कर उलटलं तर त्यांच्यावर. बाबा सांगतात एकाची मांडी सुळ्याने फाटली होती, वैद्याने टाके घातले. वाटे घालताना प्रत्येक घराला एक, मारणाऱ्याला मुंडी आणि एक वाटा जास्त. परवाना आजोबांना मिळाला कारण तो शेतीसंरक्षणाचा होता आणि सातबाऱ्यावर नाव त्यांचं होतं. रानाची वाट त्या पाच जणांना जास्त ठाऊक होती, पण सातबारा नव्हता.

आणि पारध्यांकडे तर त्याहून काही नव्हतं. तितर-लावे धरायचे फासे आणि रानाची अक्कल, एवढ्यावर जगणाऱ्या जमातीला इंग्रजांनी १८७१ पासून आणलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, सोलापूरला तारेच्या कुंपणात ठेवलेल्या जमातींमध्ये ते होते, ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्याचा शिक्का निघाला आणि लोकांच्या डोक्यातला अजून निघालेला नाही. ज्या वर्षी सरकार माझ्या आजोबांना काडतुसं विकत घेऊ देत होतं त्याच वर्षी फासा जवळ सापडला म्हणून पारधी हवालदाराचा मार खात होता. एकाच्या शिकारीला आपण हौस म्हणतो, घराणं म्हणतो, दुसऱ्याच्या पोट भरण्याला चोरी. हे तुम्ही म्हणालात, आणि मी दसऱ्याच्या पोस्टमध्ये ‘आमच्या घराण्याची शिकारीची परंपरा’ असं लिहिलं तेव्हा हे माझ्या डोक्यात सुद्धा आलं नव्हतं. त्याबद्दल माफी मागते, तुमची एकट्याची नाही.

फोटो काढून टाका असं तुम्ही म्हणता, ते मी करणार नाही. काढला तर ती पाच माणसं दुसऱ्यांदा जातील. आज सकाळी बाबांना फोन केला आणि एकेकाची नावं विचारली. तिघांची सांगितली, ढोलवाल्याचं तर घर सुद्धा सांगितलं, वहाळाच्या पलीकडे, त्याचा नातू आता नालासोपाऱ्याला असतो म्हणे. उरलेल्या दोघांची त्यांना आठवत नाहीत, गावच्या आत्येला विचारून सांगतो म्हणालेत. नातवाचा नंबर मिळाला तर मी फोटोची एक मोठी प्रिंट काढून त्याला नेऊन देणार आहे, त्याने हो म्हटलं की मगच नावं पोस्टमध्ये फोटोखाली घालेन. ‘भेट’ शब्द मात्र आजच बदलला.