दिवा कुठे आहे, ते आधी ठरवा

मोठ्यांसाठी काढलेल्या रंगवह्यांत एक चित्र हमखास असते. भिंतभर पुस्तकांची कपाटे, एक आरामखुर्ची, शेजारी दिवा आणि खुर्चीत अंगाचे मुटकुळे करून पहुडलेले मांजर. चित्र बहुतेकांना आवडते आणि रंगवून झाल्यावर बहुतेकांचा थोडासा विरस होतो, कारण रेषांमध्ये जी ऊब जाणवत होती ती रंगांमध्ये कुठेतरी हरवलेली असते. ती का हरवते याविषयी माझे मत पक्के झाले आहे. आपण वस्तू रंगवतो, उजेड रंगवत नाही.

अशा चित्रात पुस्तके शे-दीडशे असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र चौकट असते. चौकट दिसली की हात आपसूक वेगळी पेन्सिल उचलतो. एक पुस्तक तांबडे, दुसरे पिवळे, तिसरे पोपटी असे करत करत कपाट भरते, तेव्हा चित्रातली सर्वांत गजबजलेली जागा मांजरामागची भिंत होऊन बसते आणि मांजराकडे पाहायला डोळ्यांना सवडच मिळत नाही. खऱ्या कपाटाकडे निरखून पाहिले तर तिथे इतका गोंगाट नसतो. कापडी बांधणीच्या जुन्या पुस्तकांचे कणे उजेडाने विटलेले असतात, चामड्याच्या बांधणीत तपकिरीच्याच अनेक छटा असतात, आणि खालच्या कप्प्यातली पुस्तके तर बव्हंशी सावलीच असतात. म्हणून मी कपाटासाठी मोजक्याच पेन्सिली घेते, त्यांचेच थर एकमेकांवर उलटसुलट क्रमाने देते आणि एखाद-दुसराच कणा उठावदार ठेवते.

पण कपाटाच्याही आधी दिवा येतो. रंगपेन्सिलीच्या कामात सर्वांत उजळ रंग कागदाचा पांढरा हाच असतो, आणि एकदा त्यावर गडद थर चढला की तो पूर्ववत मिळत नाही. खोडरबराने रंग फिकट होतो, पण डाग राहतोच. त्यामुळे दिव्याभोवतीचे वलय, खुर्चीच्या हाताची उजेडाकडची कड, मांजराच्या पाठीवरची कमान आणि जवळच्या काही पुस्तकांच्या कडा या जागा सुरुवातीलाच राखून ठेवाव्या लागतात. मी त्यांवर फिकट पिवळ्याचा अगदी हलका हात फिरवून ठेवते, म्हणजे चुकून त्यांवर गडद पेन्सिल जात नाही. मग दिव्यापासून जसजसे दूर जावे तसतसे रंग नुसते गडद न करता थोडे मंदही करायचे. मंद उजेडात तांबडा रंग आधी काळवंडतो आणि निळा त्या मानाने टिकून राहतो, हे चेक शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात टिपले होते. कोपऱ्यातले तांबडे पुस्तक जवळजवळ काळसर तपकिरी आणि निळे पुस्तक राखाडी निळे केले, तर तो कोपरा खरोखर अंधारा वाटू लागतो.

मांजराचा रंग स्वतंत्रपणे ठरवता येत नाही, हे अनेकांना पटत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल १८२४ पासून पॅरिसमधल्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथे तक्रार आली की निळ्या-जांभळ्या भागांत वापरलेला काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासले तेव्हा दोष काळ्या रंगात नसून शेजारच्या रंगांत असल्याचे आढळले, आणि त्यातूनच शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात याचे विस्तृत विवेचन त्यांनी १८३९ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या चित्रापुरता त्याचा अर्थ सरळ आहे. केशरी मांजर हवे असेल तर त्याच्यामागचे कप्पे निळसर-हिरवट आणि मंद ठेवावेत, म्हणजे पेन्सिल जोरात न दाबताही केशरी रंग उजळून निघतो. काळे मांजर हवे असेल तर नुसती काळी पेन्सिल घेऊ नये. गडद निळ्यावर गडद तपकिरी आणि अगदी शेवटी, तेही सावलीतच, काळा असा क्रम ठेवला तर केसांत जीव येतो.

मांजराच्या अंगावरच्या खुणांबाबत मी जरा हट्टी आहे. केशरी मांजर सपाट केशरी कधीच नसते, अंधूक का होईना त्याच्यावर पट्टे असतातच, आणि कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण असते. काळा, केशरी आणि पांढरा असे तीनही रंग असलेले मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मांजर जागे दाखवले असेल आणि खोलीत एकच मंद दिवा असेल, तर डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या व गोलसर हव्यात. उभी बारीक फट भर उजेडातली. मिशांसाठी एक युक्ती फार उपयोगी पडते. रंग भरण्यापूर्वीच रिकाम्या बॉलपेनाच्या टोकाने कागदावर मिशा दाबून ओढायच्या, म्हणजे वरून पेन्सिल फिरवली तरी त्या खाचांत रंग उतरत नाही आणि पांढऱ्या रेषा आपोआप शिल्लक राहतात. केस मात्र वाढतात त्याच दिशेने, पेन्सिलीला वरचेवर टोक काढत, आखूड फटकाऱ्यांनी काढावेत. घोटून गुळगुळीत करायचेच असेल तर खुर्चीचे लाकूड घोटावे. मांजर घोटले की ते चिनी मातीचे दिसते.

हे सगळे वाचून कुणी म्हणेल की विरंगुळ्याच्या कामाला एवढा विचार कशाला, रंगवण्याने डोके शांत व्हावे हाच तर हेतू असतो. हेतू मलाही मान्य आहे. करी आणि कॅसर या संशोधकांच्या २००५ सालच्या प्रयोगात वर्तुळाकार नक्षी किंवा चौकटींची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर हवे ते काढणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली होती. माझ्या मते यातून निदान इतके दिसते की मनाला निवांतपणासाठी पूर्ण मोकळीक लागतेच असे नाही, एखादी आखलेली चौकट त्याला अधिक मानवते. आखलेल्या रेषा ही पहिली चौकट आहे, आणि एका दिशेने येणारा उजेड ही मी तिला जोडलेली दुसरी. ती एकदा मान्य केली की पुढचे निर्णय लहान लहान होतात आणि त्यांत तासभर सहज निघून जातो.

रंगांच्या निवडीबद्दल माझा काहीही आग्रह नाही. मांजर जांभळे करा, पुस्तके हिरवी करा, खुर्ची गुलाबी करा. मात्र त्या जांभळ्या मांजराची दिव्याकडची बाजू उजळ आणि पलीकडची गडद असू द्या.