घरपट्टीचा दर आधी की खर्चाचा हिशेब आधी?

पुण्यातल्या सदनिकेची घरपट्टी आणि न्यू जर्सीतल्या राहत्या घराचा प्रॉपर्टी टॅक्स, ही दोन्ही बिले गेली काही वर्षे मीच भरतो. रकमांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण न्यू जर्सी महागड्या घरपट्टीसाठी साऱ्या अमेरिकेत बदनाम आहे. मला बोलायचे आहे ते आकडा ठरतो कसा, याविषयी.

इकडे न्यू जर्सीत आधी खर्च ठरतो. शाळा मंडळ, नगरपालिका आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) आपापले अंदाजपत्रक मांडतात. त्यातून राज्याचे अनुदान, इतर उत्पन्न आणि मागची शिल्लक वजा केल्यावर जी रक्कम उरते, तेवढीच घरमालकांकडून गोळा करायची असते. तिला गावातील सर्व मालमत्तांच्या एकूण करमूल्याने भागले की दर शंभर डॉलरमागचा दर हाती येतो. त्यामुळे सगळ्यांच्याच घरांचे मूल्य सारखे वाढले, तर कर वाढत नाही, दर उतरतो. (नव्याने घर घेतलेल्या आपल्या मंडळींना हे पटवताना माझी दमछाक होते.) ही वसुली वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असे बंधन २०११ पासून आहे; पण कर्जफेडीसारख्या बाबी त्यातून वगळलेल्या असल्याने बिल चढतेच. तरीही शाळेचा, गावाचा आणि काउंटीचा वाटा बिलावर वेगवेगळा छापलेला असतो, आणि सुनावणीत नेमके कुठे बोट ठेवायचे हे माणसाला कळते.

पुण्याच्या बिलावरही सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्षसंवर्धन कर, जललाभ कर अशी लांबलचक यादी असते. मात्र यंदा अग्निशमन केंद्रांना किती पैसे लागणार आणि माझ्या करयोग्य मूल्यावर लावलेला टक्का किती, यांचा परस्परसंबंध मला आजवर सापडलेला नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ९९ नुसार पुढील वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. आयुक्तांचा अंदाजपत्रकाचा मसुदा त्याआधी स्थायी समितीपुढे यावा, अशी कायद्याची रचना आहे. पण अंदाजपत्रकाला अंतिम मंजुरी मिळते ती दर ठरून गेल्यावर. मग चर्चा 'वाढ हवी की नको' एवढ्यावरच संपते, नको म्हणणाऱ्यांचे फलक लागतात, कामांची यादी मात्र तसूभरही कमी होत नाही आणि जमेची बाजू कागदावर फुगवून दोन्ही टोके जुळवली जातात. मार्च २०२२ मध्ये प्रशासक आल्यावर तर प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला.

पुण्यात स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत मध्यंतरी रद्द झाली आणि २०२३ मध्ये परत आली. (आमच्याकडे भाडेकरू असल्याने ती मला लागू नाही, तेव्हा माझे मत निःस्वार्थी समजू नये.) ती असावी, असेच मला वाटते. परंतु त्या काळात ही सवलत मिळवण्यासाठीचा पीटी-३ अर्ज कुठे मिळतो, याची जितकी विचारपूस झाली, तितकी कमी होणारे उत्पन्न कोणत्या कामातून कापणार याची झाली नाही.

पुण्याच्या बिलावर लवकर कर भरल्यास मिळणाऱ्या सवलतीची मुदत ठळक अक्षरांत छापतात. तिच्याखाली, मागील वर्षी अग्निशमन कराचे किती रुपये जमले आणि अग्निशमनावर किती खर्च झाले, या दोन आकड्यांपुरती जागा नक्की निघेल.