भोकांचा हिशेब

हाताने कातलेल्या लोकरीची जाळीदार शाल विणायची, असे एखाद्याच्या मनात आले की आजूबाजूची माणसे दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला म्हणजे, तयार मिळत असताना हा खटाटोप कशाला. आणि दुसरा, त्यात एवढी भोके कशाला. पहिल्या प्रश्नाला कलेची, आनंदाची, एकाग्रतेची गुळगुळीत उत्तरे देऊन वेळ मारून नेता येते. दुसऱ्याला मात्र उत्तर सापडत नाही, कारण जाळीची शाल म्हणजे मुळात भोकेच असतात आणि लोकर ही केवळ ती भोके आपापल्या जागी धरून ठेवण्यापुरती वापरलेली असते. आमच्या सासूबाईंनी घरातल्या प्रत्येकासाठी स्वेटर विणले आहेत, आणि त्यांच्या विणीतून पलीकडचा उजेडसुद्धा दिसत नाही. माझ्या शालीचा नमुना त्यांनी चष्मा पुसून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, एक टाका सुटला तर आम्ही जेवण बाजूला ठेवून तो उचलायचो. तू मुद्दाम भोके पाडणार?"

मी त्यांना शास्त्रीय बाजू सांगितली. ऊब ही लोकरीच्या तंतूंमध्ये आणि जाळीच्या पोकळीत अडकून राहिलेल्या हवेमुळे मिळते, त्यामुळे वजनाला नगण्य असलेली जाळीची शालही अंगावर घेतली की उबदार लागते, असे मी म्हटले. "मग नुसती हवाच पांघर की," असे म्हणून त्या आत निघून गेल्या. शास्त्राचा असा निकाल लागल्यावर पुढे बोलण्यासारखे काही उरले नाही.

लोकर मेंढीच्या अंगावरून उतरते तेव्हा तिच्यात गवताच्या काड्या, काटे, वाळलेला चिखल आणि लॅनोलिन हा मेणचट पदार्थ असा सगळा ऐवज असतो. हा ऐवज काढण्यासाठी ती गरम पाण्यात बुडवायची असते, परंतु ढवळायची, चोळायची किंवा पिळायची मात्र नसते. कारण लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात आणि गरम पाण्यात घर्षण झाले की ते एकमेकांत अडकून तिचा नमदा, म्हणजे न सुटणारा घट्ट थर, होतो. समोर इतके घाणेरडे पाणी असताना हात बांधून उभे राहणे, ही स्वच्छतेची आवड असणाऱ्या माणसाला दिलेली खास शिक्षा आहे. शिवाय धुतल्यावर लोकरीचे वजन कधी कधी निम्म्यावर येते. गेलेले निम्मे आपण मोठ्या प्रेमाने निवडून आणलेले मेण आणि माती होते, हे तेव्हा कळते.

खरा कस लागतो तो कातताना. टकळीला गरका द्यायचा, ती हवेत लोंबकळत फिरत असताना एका हाताच्या चिमटीने पीळ अडवून धरायचा, दुसऱ्या हाताने पेळूतले, म्हणजे पिंजलेल्या लोकरीच्या वळकटीतले, तंतू अलगद सोडवायचे, आणि चिमटी सरकवत पिळाला थोडे थोडे वर येऊ द्यायचे. हे वाचायला सोपे वाटते, कारण वाचताना टकळी पडत नाही. पीळ कमी पडला तर तंतू एकमेकांवरून निसटतात आणि टकळी नेमकी पायाच्या अंगठ्यावर येते. पीळ जास्त झाला तर धागा जरा सैल सोडताच स्वतःभोवती वेटोळी घालू लागतो. त्यातून पिळाचा स्वभावही न्यायाचा नाही. तो नेहमी धाग्याच्या बारीक जागेकडे धावतो, त्यामुळे आधीच बारीक असलेली जागा आणखी कडक होते आणि शेजारची जाड जागा पिळावाचून ढिली राहते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असे म्हणणाऱ्या माणसाने जाडबारीक सूत कधी कातले नसावे. जाड जागेवर पीळ मुळात येतच नाही.

एकेरी धाग्याने विणले तर त्यातला शिल्लक पीळ कापडाला एका बाजूला ओढतो आणि चौकोन म्हणून सुरू केलेली वस्तू पाहता पाहता तिरपी होते. म्हणून असे दोन धागे घेऊन त्यांना मूळ पिळाच्या उलट दिशेने एकत्र पिळायचे, म्हणजे दोन्हींचा हट्ट एकमेकांत जिरतो. यात एक गणित दडलेले आहे आणि ते कोणी आधी सांगत नाही. मोठ्या शालीला साधारण 1000 मीटर दुपदरी सूत लागते असे धरले, तर त्यासाठी किमान 2000 मीटर एकेरी सूत कातावे लागते आणि मग ते दोन धागे एकत्र पिळताना पुन्हा 1000 मीटर सूत बोटांखालून जाते. एकूण तीन किलोमीटर. एवढे अंतर मी रोज चालावे असे डॉक्टरांनी सांगितले आहे, पण खुर्चीत बसून बोटांनी कापलेले अंतर ते धरायला तयार नाहीत.

या क्षेत्रातल्या थोरांची उदाहरणे अशा वेळी धीर देण्यासाठी वाचावीत म्हटले, तर ती धीर खचवण्याचेच काम चोख करतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांपैकी उन्स्ट हे बेट जाळीच्या शालींसाठी नावाजलेले आहे. तिथल्या बायका मेंढीच्या मानेजवळची सर्वांत मऊ लोकर कात्री न लावता हाताने उपटून घेत आणि तिचे इतके बारीक सूत कातत, की भली मोठी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जात असे. लंडनच्या 1851 च्या महाप्रदर्शनातही शेटलंडची जाळी मांडलेली होती. रशियातल्या ओरेनबुर्गची शाल शेळीच्या अंगावरची मऊ लव विंचरून काढून, तिच्या धाग्याला रेशमाची जोड देऊन विणतात. तीही अंगठीतून जाते. एस्टोनियातल्या हाप्सालू या समुद्रकाठच्या गावची शालही अंगठीतून जाते. जगातल्या सगळ्या नामांकित शालींना शेवटी एकाच परीक्षेला बसवलेले पाहून, या परीक्षेत अंगठी कोणाच्या बोटाची घ्यायची याचा नियम कुठे लिहिलेला नाही, याचे मला समाधान वाटते. माझ्या सुताच्या जाडीला अंगठ्यात घालण्याची अंगठी मिळाली तरी पुरे.

विणकाम सुरू झाले की भोकांचा हिशेब सुरू होतो. धागा सुईवरून फिरवून घेतला की एक भोक पडते आणि एक टाका वाढतो. तो वाढलेला टाका फेडण्यासाठी जवळपास कुठेतरी दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे जमाखर्च जुळतो. ते दोन टाके उजवीकडे झुकतील की डावीकडे, यावर नक्षीतले पान पान दिसते की नुसता गोंधळ दिसतो, हे ठरते. त्रिकोणी शालीत तर आणखी एक गंमत असते. ती मानेपाशी मोजक्या टाक्यांनी सुरू होते आणि दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढत जातात. सुरुवातीच्या ओळी भराभर संपतात, माणसाला स्वतःच्या वेगाचा अभिमान वाटू लागतो, घरच्यांना तारीख दिली जाते. प्रत्यक्षात अर्ध्या ओळी झाल्या तेव्हा शालीचा जेमतेम पाव भाग झालेला असतो, कारण ओळ जितकी खाली जाते तितकी लांब होते. उत्साह संपायला लागतो त्याच सुमारास ओळी खऱ्या अर्थाने सुरू होतात. गोल शाल विणणाऱ्यांची स्थिती निराळी नाही. विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत त्रिज्या दुप्पट झाली की टाके एकदम दुप्पट करतात, म्हणजे 9 चे 18, 18 चे 36, 36 चे 72 असे करत मामला 576 टाक्यांपर्यंत पोहोचतो, आणि तिथून पुढची प्रत्येक फेरी म्हणजे एक स्वतंत्र प्रवास असतो.

अशा एखाद्या लांबलचक ओळीच्या शेवटी एक टाका कमी भरतो. तो कमी का भरला हे शोधण्यासाठी सुई गुडघ्यावर पसरून प्रत्येक पान, प्रत्येक पाकळी, बोटाने टाके सरकवत, ओठ हलवत मोजावी लागते, आणि नेमका याच वेळी घरातल्या प्रत्येकाला आपल्याशी काहीतरी महत्त्वाचे बोलायचे असते. चाळीसच्या पुढे गेलेली मोजणी "भाजीत मीठ घातलंय का?" या प्रश्नाने पुन्हा एकावर येते. शेवटी कुठेतरी दोन टाके एकमेकांना चिकटून बसलेले सापडतात. त्यांच्यामध्ये भोक असायला हवे होते. चूक लगेचच्या ओळीत लक्षात आली असेल, तर त्या दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईच्या टोकाने उचलून टाका तयार करता येतो. भोक जरा अरुंद होते, पण हिशेब जुळतो. उशिरा लक्षात आली तर उसवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि कातलेली लोकर उसवणे म्हणजे काय, हे गिरणीच्या गुळगुळीत धाग्यावर वाढलेल्या माणसाला सांगून कळणार नाही. त्या धाग्याची लव शेजारच्या टाक्याला असा लळा लावते की ओढावे तर तुटतो आणि सोडावे तर सुटत नाही.

यावर जाणत्या विणणाऱ्यांनी उपाय शोधला आहे. नक्षीचा एक फेरा पुरा झाला की त्या ओळीच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवायचा. पुढे काही बिनसले तर तिथपर्यंत निर्धास्तपणे उसवता येते. उपाय उत्तम आहे. मात्र माझ्या निरीक्षणानुसार चूक नेहमी दोऱ्याच्या एक ओळ खाली राहते आणि वरच्या सगळ्या ओळी बिनचूक असतात.

हाप्सालूच्या शालीतल्या गाठीविषयी बोलण्यासाठी वेगळी हिंमत लागते. एकाच टाक्यातून सात टाके काढायचे आणि परतीच्या ओळीत ते सातही एकदम सुईवर घेऊन एकच उलट टाका विणायचा. तिथल्या शाली वजनावर विकल्या जात, म्हणून वजन वाढवायला या गाठी आल्या, असे सांगतात. मला ते पटते. सहा टाक्यांमधून गेलेली सुई सातव्यापाशी अडते तेव्हा ही नक्षी सौंदर्यासाठी काढली असेल यावर विश्वास बसत नाही.

शेवटचा टाका बंद झाल्यावर हाती येते ती वस्तू मात्र कोणालाही दाखवण्यालायक नसते. सगळी भोके मिटलेली, पाने गोळा झालेली, कडा वळलेल्या. चुरगळून खिशात राहिलेल्या रुमालासारखे ते एक गाठोडे असते. ते कोमट पाण्यात भिजवायचे, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि मग ताणून टाचण्यांनी ठोकायचे. लोकर भिजली की तिच्या तंतूंमधली बंधने सैल होतात आणि ताणलेल्या स्थितीत वाळली की नव्या जागी घट्ट होतात, त्यामुळे शाल चांगली ऐसपैस पसरते. शेटलंडमध्ये यासाठी लाकडी चौकटी असत. आमच्याकडे पाहुण्यांचा पलंग आहे. त्यावर दोन दिवस टाचण्यांचे रान माजले आणि पाहुण्यांना बैठकीत झोपावे लागले. सासूबाई सुरुवातीला दारातून पाहत होत्या, मग आत आल्या, मग एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे एक भोक राहिलंय." त्यानंतर त्यांनी माझ्या हातातला टाचण्यांचा डबा काढून घेतला आणि खालची कड स्वतः ठोकली, कारण मी टाचण्या उभ्या टोचत होते आणि त्या ताणाने उपटून येत होत्या, तिरप्या टोचल्या की धरतात.

ती शाल नणंदेला दिली. पहिल्या धुण्यानंतर तिचा घाबऱ्या आवाजात फोन आला, "वहिनी, शाल पार आटली गं!" आटलेली नाही, धुतल्यावर लोकर पुन्हा गोळा होते, प्रत्येक धुण्यानंतर ती अशीच ताणून वाळवावी लागते, हे मी समजावून सांगत होते. तिचा विश्वास बसेना. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि लेकीला विचारले, "तुझ्याकडे टाचण्या किती आहेत?"