पत्रकं कोणी छापली?

डिसेंबर आला की रोझा पार्क्सची गोष्ट सगळीकडे फिरू लागते. कामावरून थकून निघालेली एक शिवणकाम करणारी बाई गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही, मग मार्टिन ल्यूथर किंग आले, मोठं भाषण झालं आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हक्क मिळाले. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि गोष्ट अशी सांगितली की मला राग येतो. यातली माणसं खरी आहेत, पण त्यांनी केलेलं काम सगळंच्या सगळं गाळलेलं आहे.

रोझा पार्क्स अनेक वर्षं अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात एनएएसीपी या, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं काम करत होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या तरुणीवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीसाठी तिच्या गावी जाणाऱ्या त्याच होत्या. त्या बाईंना नुसतं ‘थकलेली’ म्हणून सोडून देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या अटकेच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ ला, पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनला याच शहरात याच कारणासाठी अटक झाली होती. १९५६ मध्ये बसमधला वर्णभेद ज्या खटल्यामुळे संपला, त्यातल्या चार फिर्यादी स्त्रियांपैकी एक ती होती. पार्क्स त्या खटल्यात नव्हत्या.

आता खरा प्रश्न. पार्क्सना अटक झाली गुरुवारी, कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार सुरू झाला सोमवारी. मधल्या तीन दिवसांत अख्ख्या शहराला कळवलं कोणी?

जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी. त्या तिथल्या सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि विमेन्स पोलिटिकल काउन्सिल या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. बसमधली वागणूक सुधारली नाही तर लोक बस सोडतील, असं पत्र त्यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पाठवलं होतं. अटकेची बातमी कळताच त्या रात्री कॉलेजात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांना सोबत घेऊन पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली. सकाळी आधी तास घेतला, मग गठ्ठे घेऊन गावभर वाटप. पत्रकावर त्यांचं नाव नव्हतं. असणार तरी कसं? कॉलेज सरकारी पैशावर चालत होतं. नाव फुटलं असतं तर नोकरी गेली असती, कॉलेजवरही संकट आलं असतं.

जॉर्जिया गिलमोर यांचंही असंच. त्या एका खानावळीत स्वयंपाकीण होत्या. बहिष्कारावरून किंगवर भरलेल्या खटल्यात साक्ष दिली आणि नोकरी गेली. मग घरीच रांधू लागल्या. त्यांनी जमवलेल्या बायका केक, ‘पाय’ (भाजलेला गोड पदार्थ), चिकन करून विकायच्या आणि पैसा बसऐवजी लोकांची ने-आण करणाऱ्या बहिष्कारवाल्यांच्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी द्यायच्या. गटाचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे आले कुठून असं कोणी विचारलं तर उत्तर तयार: कुठूनच नाही! यातल्या कितीतरी जणी गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या. त्यांची नावं बाहेर येऊ नयेत म्हणून ही सोय.

माझं म्हणणं इथेच आहे. पोटासाठी ही नावं तेव्हा लपवावी लागली, आणि पुढे आपण त्यावरून समजलो की तिथे कोणी नव्हतंच.

काही नावं मात्र चळवळीनेच मागे ठेवली, हेही मुलांना सांगायला हवं. किंग यांचं ते मोठं भाषण झालं तो २८ ऑगस्ट १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा उभा केला बायर्ड रस्टिन यांनी. ते समलिंगी होते, म्हणून आपल्याच माणसांनी त्यांना वेळोवेळी पडद्याआड ठेवलं. त्याच दिवशी मुख्य भाषणांत एकाही स्त्रीचं भाषण नव्हतं. ज्या चळवळीवर आपलं प्रेम आहे तिच्याबद्दल हे बोलायला मला जड जातं, तरी वर्गात बोलतो.

आणि आपल्या नागपूरचं काय? कोरियन युद्धाच्या काळात सैन्यभरतीला नकार देऊन तुरुंगात गेलेले जेम्स लॉसन १९५३ मध्ये मिशनरी म्हणून इथे आले आणि हिस्लॉप कॉलेजात काम करू लागले. गांधींच्या अहिंसेचा त्यांनी इथे राहून अभ्यास केला. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी ‘नागपूर टाइम्स’मध्ये वाचली. १९५६ मध्ये परत गेले आणि पुढे नॅशव्हिलमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवलं की शिव्या, थुंकणं, मार सोसून, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जागेवरून न हलता कसं बसायचं. कोणी अंगावर सिगारेट विझवायचं नाटक करायचं, कोणी शिव्या द्यायचं, आणि सराव चालायचा. डायान नॅश, जॉन लुईस हे चळवळीचे पुढचे नेते तिथेच तयार झाले. १९६० मध्ये लॉसन शिकत होते त्या विद्यापीठाने त्यांना काढून टाकलं, पण त्याच वर्षी मे महिन्यात शहरातल्या दुकानांमधले जेवणाचे काउंटर कृष्णवर्णीयांना खुले झाले. नागपुरात किती शिक्षकांना हे माहीत आहे?

सर्वसमावेशक इतिहास म्हणजे भिंतीवर आणखी चार फोटो लावणं, असं अनेकांना वाटतं. अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात आणखी नावं कुठे कोंबायची, हा आक्षेप मी दर वेळी ऐकतो. नावं कमी घ्या, पण प्रश्न बदला. पत्रकं कोणी छापली, गाड्या कोणी चालवल्या, पेट्रोलचे पैसे कोणी दिले, कोणाची नोकरी गेली, आणि कोणाचं नाव का लपवलं गेलं? किंग यांचं मोठेपण यातून कमी होत नाही. सव्वीस वर्षांच्या त्या तरुणाच्या हाती नेतृत्व आलं तेव्हा शहर आधीच जागं होतं, एवढंच दिसतं. महापुरुष येईपर्यंत वाट पाहायची, हे मुलांच्या मनात आपण नकळत रुजवतो. ते थांबायला हवं.

लॉसन २०२४ मध्ये गेले. १९५३ ते ५६ दरम्यान हिस्लॉपमध्ये शिकलेले तुमच्या घरात, ओळखीत कोणी असतील तर ते आज नव्वदीच्या आसपास असतील. त्यांच्याजवळ बसा, लॉसन सर आठवतात का विचारा, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. माझ्याकडे पाठवलंत तर मी वर्गात वाचून दाखवेन.