५५ अंशांचा मेसेज आणि दुपारी तीनची वेळ

मे महिना चढला की तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा आला. तारखा बदलतात, मजकूर तोच. येत्या आठवड्यात पारा ४५ ते ५५ अंशांवर जाणार, सूर्य विषुववृत्तावर आल्यामुळे हे होतंय, ढगांमुळे जीव गुदमरेल, सकाळी १० ते दुपारी ३ बाहेर पडू नका, पेट्रोलची टाकी पूर्ण भरू नका, आणि उन्हातून आलेल्या माणसाला थंड पाणी देऊ नका, रक्तवाहिनी फुटते. खाली नागरी संरक्षण संचालनालयाचं नाव. मामांनी तो काळजीपोटीच पाठवला, यात मला शंका नाही. पण यातल्या दोन ओळी आम्हा विदर्भातल्या लोकांच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी ५५ अंश. देशात आजवर नोंदलेलं सर्वाधिक तापमान ५१ अंश आहे, राजस्थानातल्या फलोदीचं, १९ मे २०१६ चं. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ चा आकडा दिसला आणि त्याचे स्क्रीनशॉट घरोघरी पोचले. यंत्रच बिघडलं होतं, हे हवामान विभागाने नंतर सांगितलं, पण ते तितकं फिरलं नाही. गाडीच्या डॅशबोर्डवरचा आकडाही धरू नका. हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, पांढऱ्या झडपांच्या पेटीत, साधारण छातीइतक्या उंचीवर. उन्हात लावलेल्या स्कूटरच्या सीटचं तापमान ही वेगळी गोष्ट आहे.

या आकड्याचा मला राग येतो, कारण ५५ ची धास्ती घेतलेल्या माणसाला ४३ किरकोळ वाटायला लागतात. मैदानी भागात पारा ४० च्या वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढला, किंवा थेट ४५ ला टेकला, की ती उष्णतेची लाट धरतात. ४७ म्हणजे तीव्र लाट. पण माणूस दगावायला तेवढंही लागत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या कार्यक्रमात उन्हात तासन्‌तास बसलेल्यांपैकी १४ जण गेले, तेव्हा जवळच्या केंद्रावरची नोंद ३८ अंशांच्या आसपास होती.

विषुववृत्ताचं म्हणाल तर सूर्य तिथे मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येतो आणि पुन्हा सप्टेंबरात. मेच्या शेवटच्या आठवड्यात तो नागपूरच्याच डोक्यावर असतो. २६ मेच्या सुमारास भर दुपारी अंगणातल्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच नाहीशी होते. त्यात वायव्येकडून कोरडे वारे येतात, समुद्र दूर, आभाळ निरभ्र आणि माती सुकून भेगाळलेली. जमिनीत ओल असती तर उन्हाची बरीच शक्ती ती ओल उडवण्यात गेली असती. तशी ती नसल्याने सगळी हवा तापवण्यात जाते. हीच तपन. हवा इतकी कोरडी असते म्हणून तर आपल्याकडे वाळ्याच्या ताटीचा कूलर गारवा देतो आणि कोकणात तो निरुपयोगी ठरतो. ढगांनी जीव गुदमरत नाही. दुपारचे कापशी ढग वाढलेच तर वीज आणि वळीव आणतात.

काही मेसेजमध्ये नवतपाची भर असते: २५ मेपासून नऊ दिवस पारा चढणारच. २०२५ मध्ये मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत होता, नवतपाचे दिवस पावसाळी गेले.

आता त्या दोन ओळी. पहिली, १० ते ३ बाहेर न पडण्याची. सूर्य माथ्यावर बारा-सव्वाबाराला येत असला तरी हवा तापत राहते आणि पारा सर्वांत वर असतो तो तीन-चारच्या दरम्यान. मेसेज वाचून आमच्या शेजारच्या काकू तीनचा ठोका पडायची वाट बघत बसल्या आणि नेमक्या तेव्हाच बँकेत निघाल्या. मी गेटवरून परत वळवलं. निघायचंच असेल तर सकाळी लवकर, नाहीतर पाच वाजल्यानंतर.

दुसरी ओळ थंड पाण्याची. गेल्या वर्षी बसस्टँडवर साडेतीनला एक पोरगा रांगेतच खाली बसला. तोंड लालबुंद, बोलणं असंबद्ध. कुणीतरी बाटलीतलं गार पाणी ओतायला पुढे झालं, तर चार जणांनी हात धरला: ओतू नका, नस फुटते! ती दोन-तीन मिनिटं मी विसरू शकत नाही. शरीराचं तापमान ४० च्या वर जाऊन माणूस बरळायला लागला की तो उष्माघात, आणि त्यावर उपाय एकच, अंग लवकरात लवकर थंड करणं. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका. माणूस शुद्धीत असेल, घोट घेता येत असेल, तर गार पाणी द्या, ओआरएस द्या. थंड पाण्याने रक्तवाहिनी फुटत नाही. त्या पोराच्या डोक्यावर शेवटी एका बाईंनी ओला दुपट्टा टाकला, तेव्हा कुठे बाकीचे हलले.

टाकी भरण्याबद्दल इंडियन ऑइलनेच खुलासा केला आहे: गाडी बनवणारी कंपनी जी कमाल मर्यादा देते तिथवर इंधन भरणं सुरक्षित आहे. लायटर आणि परफ्यूमचे डबे बंद गाडीत ठेवू नका, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर लिहिलंय. त्या डब्यांवरच ५० अंशांची मर्यादा छापलेली असते, आणि उन्हात उभी असलेली बंद गाडी तेवढी सहज तापते. लहान मूलही तीत पाच मिनिटं ठेवू नका. हे त्या मेसेजमध्ये नाही, मी जोडतोय.