५५ किलोच्या मुलीला ३०० लिटरचा बोर्ड? अजिबात नको

"चॉपी लाटांवर सप करायचंय? हे पाच नियम पाठ करा" अशा मथळ्याचा एक तक्ता सध्या ग्रुपांमधून फिरतोय. (सप म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्ड, मोठ्या फळीसारख्या बोर्डावर उभं राहून वल्हवायचं; चॉप म्हणजे वाऱ्याने उठलेल्या आखूड, अस्ताव्यस्त लाटा.) आधीही पाहिला होता, सोडून दिला. या वेळी तो माझ्या भाचीकडे पोचला. तिने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, हाच घेऊ ना?" ती ५५ किलोची आहे, शांत पाण्यावर छान वल्हवते, आणि आता तिला लाटांवर उतरायचंय. तक्त्याप्रमाणे तिने ११ फूट ६ इंच लांब, ३४ इंच रुंद, ६ इंच जाड, हवा भरायचा, म्हणजे साधारण ३०० लिटर आकारमानाचा बोर्ड घ्यायचा. वजन कितीही असो, शिफारस सगळ्यांना हीच. तिला उत्तर देऊन झालंय, पण तक्ता तिच्या एकटीकडे गेलेला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

तक्त्यातले दावे थोडक्यात असे. पहिला: लिटर जितके जास्त, बोर्ड तितका स्थिर. दुसरा: लांब बोर्ड चॉप कापतो, ११ फुटांखाली जाऊ नका. तिसरा: रुंदी जितकी जास्त तितकं चांगलं. चौथा: मोठा बोर्ड हाच तुमचा आधार, तो सुटून जात नाही, त्यामुळे लीश, म्हणजे बोर्ड तुमच्याशी बांधून ठेवणारी दोरी, ऐच्छिक. पाचवा: वल्हं डोक्यापेक्षा फूटभर उंच असावं आणि फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाचा पंख, एकच पुरे.

चौथ्यापासून सुरुवात करते, कारण माणसाचं बरंवाईट होतं ते तिथे.

"मोठा बोर्ड सुटून जात नाही" हे वाक्य फुटलेल्या लाटेत पडलेला कोणी लिहिणार नाही. फेसाळ पाणी बोर्डाला ढकलतं ते त्याच्या पृष्ठभागावर जोर लावून. पृष्ठभाग जितका मोठा आणि बोर्ड जितका पाण्याच्या वर उचललेला, तितका तो लाटेच्या तावडीत सहज सापडतो. तुम्ही पडता, नाकातोंडातलं पाणी सावरत डोकं वर काढता, तोवर बोर्ड आडवा होऊन किनाऱ्याच्या दिशेने निघालेलाही असतो. लीश नसेल तर तो वाटेतल्या कोणावर तरी जाऊन आदळतो. साडेअकरा फुटांची आठ-दहा किलोची वस्तू, मागून लाटेचा रेटा, आणि समोर कंबरभर पाण्यात उभं असलेलं एखादं पोर. हवेचा आहे, मऊ असतो, असं कोणी सांगू नये. पूर्ण दाबाने फुगवलेली कड चांगली टणक असते, आणि फिन तर मऊ नसतेच.

वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असेल तर गोष्ट उलटी आणि त्याहून वाईट. सुटलेला हलका, उंच बोर्ड वाऱ्यावर इतक्या वेगाने सरकतो की पोहून तो गाठता येत नाही. ज्याला तक्ता "तुमचा आधार" म्हणतो तो डोळ्यांदेखत लांब जातो आणि तुम्ही खोल पाण्यात वल्हं धरून उरता. लीश ऐच्छिक नाही. लाटांमध्ये सरळ लीश, साधारण बोर्डाच्या लांबीइतकी, घोट्याला किंवा पोटरीला. गुंडाळीची लीश शांत पाण्यासाठी असते. लाटेत ती ताणली जाते आणि बोर्ड झटक्यात तुमच्याकडे परत येतो. (नदीच्या वाहत्या पाण्यात पायाला लीश बांधूच नये, तिथे कमरेची, एका हिसक्यात सुटणारी लागते. तो वेगळा विषय, पण लीशबद्दल बोलताना हे गाळता येत नाही.)

आणि लीश लावली की मोठ्या बोर्डाचा धोका संपला असंही नाही. ११ फूट ६ इंचांचा बोर्ड आणि तेवढीच लीश म्हणजे घोट्यापासून बोर्डाच्या दूरच्या टोकापर्यंत वीस फुटांहून जास्त पल्ला. तुम्ही पडलात की तेवढ्या वर्तुळातला प्रत्येक जण धोक्यात. शिवाय मोठ्या बोर्डाला लाट जितक्या जोराने ओढते तितक्याच जोराने तुमचा पाय ओढला जातो, पाण्याखाली असताना. लीशचा पट्टा तुटतो तोही अशाच ओढीने. म्हणून ती तुटू शकते हे धरूनच, बोर्डाशिवाय पोहत परत येता येईल तेवढंच आत जायचं.

आता पहिला दावा, लिटरचा. हा सगळ्यात जास्त पसरलेला आहे आणि ऐकायला शास्त्रीय वाटतो, म्हणून जरा आकडेमोड करू.

भाचीचं वजन ५५ किलो. बोर्ड, वल्हं, कपडे मिळून आणखी १० धरा. एकूण ६५. समुद्राच्या पाण्याचं वजन लिटरला साधारण १.०२५ किलो. म्हणजे ती उभी राहिल्यावर बोर्ड सुमारे ६३ लिटर पाणी बाजूला सारेल. बोर्ड ३०० लिटरचा असो की १२० चा, त्याचं स्वतःचं वजन तेवढंच असेल तर सारलेलं पाणी तेवढंच. मग उरलेले २३७ लिटर कुठे असतात? पाण्याच्या वर, वाऱ्यात. त्या बोर्डाचा तळ इतका पसरट आहे की तो जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर बुडेल. जाडी १५ सेंटिमीटर. बाकी बारा सेंटिमीटर भिंत चारी बाजूंनी उघडी, बाजूने येणाऱ्या प्रत्येक लाटेला थप्पड मारायला मोकळी.

तरंगणारी वस्तू कलल्यावर सावरते कशी, हा प्रश्न पॅडलबोर्डवाल्यांनी काढलेला नाही. पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेत गेलेल्या फ्रेंच मोहिमेतल्या पिएर बुगेरने जहाजांवरच्या ग्रंथात १७४६ साली त्याचं उत्तर मांडलं, आणि जहाज बांधणारे आजही तोच हिशोब करतात. पाण्याच्या पातळीवर वस्तूचा जो काप पडतो, त्याची रुंदी किती आहे यावर सावरण्याचा जोर ठरतो. या काप-क्षेत्राच्या जडत्वाला (तो काप मधल्या रेषेपासून किती लांब पसरलाय त्याचं माप) सारलेल्या पाण्याच्या आकारमानाने भागायचं. आणि ते जडत्व रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, लांबीच्या फक्त साध्या प्रमाणात. या सूत्रात बोर्डाचे एकूण लिटर कुठेच येत नाहीत. सारलेलं पाणी येतं, आणि ते तुमच्या वजनावर ठरतं.

हिशोबाची दुसरी बाजू गुरुत्वमध्याची. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य बेंबीच्या आसपास असतो. पाय पाण्यापासून जितके उंच, तितका तो उंच, आणि कललेलं अंग सावरायला तितकं कठीण. म्हणजे जाड बोर्ड तुम्हाला अधिक स्थिर करत नाही, उलट वर उचलून अस्थिर करतो. शर्यतीचे अरुंद बोर्ड बघा: बऱ्याच बोर्डांत उभं राहायची जागा मुद्दाम खोलगट केलेली असते, पाय पाण्याच्या जवळ यावेत म्हणून. शर्यतीत प्रत्येक सेकंदासाठी झगडणारे लोक जाडीत स्थिरता शोधत नाहीत.

यात एक गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. लिटर फार कमी असले तर डेक, म्हणजे उभं राहायचा वरचा पृष्ठभाग, पाण्याखाली जातो, पाण्याच्या पातळीवरचा काप आक्रसतो आणि स्थिरता एकदम नाहीशी होते. चॉपमध्ये तर शांत पाण्यापेक्षा थोडे जास्तच लिटर हाताशी हवेत, कारण कड अधूनमधून बुडणार. तेव्हा वजनावरून लिटर काढायची पद्धत चुकीची नाही. पण पुरेसं झाल्यावरचे जादा दीडशे-दोनशे लिटर काही देत नाहीत, घेतात मात्र. लाटेवर वळायचं तर आतली कड पाण्यात दाबावी लागते. ५५ किलोची मुलगी त्या ३०० लिटरच्या बोर्डाची कड दाबूच शकत नाही. तो बुचासारखा वरच राहतो, आणि लाट नेईल तिकडे जातो.

दुसरा दावा, लांबीचा. अर्धा खरा. खोल पाण्यात दोन लाटांमधलं अंतर मीटरमध्ये काढायचं तर सेकंदांतल्या कालावधीचा वर्ग करून १.५६ ने गुणायचं. जवळच्या वाऱ्याने उठलेला दोन सेकंदांचा बारीक चॉप घेतला तर अंतर येतं सहा मीटरच्या आसपास. साडेतीन मीटरचा बोर्ड त्यात एका माथ्यापासून पुढच्या खळग्यापर्यंत पसरतो आणि खड्डे थोडे बुजवतो. सरळ वल्हवत जाताना हे जाणवतं आणि बरंही वाटतं. तीन सेकंदांचा चॉप झाला की अंतर चौदा मीटर, मग दहा फूट काय आणि साडेअकरा काय, बोर्ड लाटेबरोबर वरखाली होणारच.

पण आपण लाट पकडायला आलोय. वाऱ्याच्या लाटा आखूड आणि चढ्या असतात. लांब, सपाट तळाचा बोर्ड त्यावरून खाली उतरताना नाक पुढच्या पाण्यात खुपसतो आणि माणूस पुढे फेकला जातो. मागे सरकून नाक उचलावं म्हटलं तर पायाखालची हलती जमीन दोन-तीन पावलं ओलांडायची, तीही चॉपमध्ये. फेसातून बाहेर जाताना तेच लांब नाक लाट वर उचलते आणि बोर्ड तुमच्यावर उलटतो. ११ फुटांचा हट्ट येतो बहुधा सुरुवातीच्या काळातून. २००० च्या सुमारास सर्फर लेअर्ड हॅमिल्टन वगैरे मंडळींनी हवाईत हा प्रकार पुन्हा रुजवला तेव्हा मोठाले सर्फबोर्डच वापरले, कारण खास यासाठी बनवलेले बोर्ड नव्हतेच. आज लाटांसाठीचे बहुतेक सप ७ ते १० फुटांत असतात.

तिसरा दावा रुंदीचा. वरचं सूत्र वाचून कोणी म्हणेल, मग ३४ इंच उत्तमच. २९ वरून ३२ इंचांवर गेलं तर लांबी तीच ठेवून सावरण्याचा जोर सुमारे ३४ टक्क्यांनी वाढतो, हे खरं. शांत पाण्यावर ही वाढ सुखाची असते. चॉपमध्ये मात्र तोच जोर बोर्डाला पाण्याच्या उताराला चिकटवून ठेवतो. पाणी डावीकडे कललं की रुंद बोर्ड लगेच डावीकडे, पुढच्या क्षणी उजवीकडे, आणि वर उभ्या माणसाचे घोटे दर लाटेला हिसके खातात. रुंद, ताठ जहाजं झटकेदार डोलतात ती याच कारणाने. थोडा अरुंद, कडेला निमुळता होत गेलेला बोर्ड पाणी कडेवरून जाऊ देतो आणि पायांना वेळ देतो. शिवाय बांधा लहान असेल तर ३४ इंचांच्या बोर्डावरून वल्हं उभं धरून पाण्यात टाकताच येत नाही, ते तिरपं पडतं आणि प्रत्येक वल्ह्यागणिक बोर्ड भरकटतो.

पाचवा पटकन. लाटांसाठी वल्हं आखूड लागतं, डोक्याइतकं किंवा चार-सहा इंच वर. गुडघे वाकवून खाली बसता यायला हवं. फूटभर उंच वल्हं तुम्हाला ताठ उभं ठेवतं. फिन तीन किंवा चार असाव्यात, लाटेच्या उतारावर कड धरून ठेवायला. एका फिनवर जमतं, पण ते सवय असणाऱ्यांचं काम.

भाचीला सुचवलं ते असं. बोर्ड हवेचा नको, कडक हवा, कारण हवेच्या बोर्डाची कड सगळीकडे सारखी गोल आणि जाड असते, ती लाटेचा उतार धरत नाही. पहिल्यांदा लाटांत उतरणाऱ्याला वजनाच्या पावणेदोन ते दोन पट लिटर पुरतात. चॉप धरून तिने वरची बाजू घ्यावी, म्हणजे १०० ते ११०. लांबी ९ फुटांच्या आतबाहेर, रुंदी २९ ते ३० इंच. हाच हिशोब ८५ किलोच्या माणसाला दीडशे-पावणेदोनशे लिटर, १० फूट आणि ३२ इंचांच्या आसपास नेतो. सराव वाढला की दीडपटीवर उतरता येतं; पटाईत लोक स्वतःच्या वजनाइतक्या लिटरवरही उभे राहतात, पण त्यांचा बोर्ड थांबला की बुडतो.

विकत घेण्याआधी कोणाचा तरी त्या मापाचा बोर्ड मागून चॉप असलेल्या दिवशी, लाटा फुटतात त्याच्या बाहेर, लीश लावून न्यावा. वल्हवणं थांबवायचं आणि लाटा बाजूने येतील असं उभं राहायचं. शेपटीकडचा डेक सतत पाण्याखाली राहत असेल तर लिटर कमी पडताहेत. डेक कोरडाठाक, पण दर लाटेला घोट्यात हिसका बसतोय, तर बोर्ड फार रुंद किंवा फार जाड आहे. दोन्ही नसेल आणि तरी पडायला होत असेल तर गुडघे अजून वाकवून बघायचे, वल्ह्याचं पातं पाण्यात ठेवून. त्यानंतरही जमेना तर एका इंचाने जास्त रुंद बोर्ड घ्यायचा, लांबी आणि जाडी तीच ठेवून.